वसईच्या किल्ल्यातील पायी सहल



वसईच्या किल्ल्यात दरवर्षी शाळांच्या सहली येतात. मुले रांगेने आत शिरतात, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यास वंदन करतात, तटावर धावू लागली की ओरडा खातात, झाडाखाली डबे सोडतात आणि तिन्हीसांजेच्या आत परततात. घरी गेल्यावर "काय पाहिलेस?" असे कोणी विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "पडक्या भिंती." यात मुलांचा दोष मानता येत नाही. त्यांना रणांगण दाखविले जाते. त्या भिंतींच्या आत एक गजबजलेले बंदरशहर दोन शतके नांदत होते, हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १५३६ पासून दुर्गाचे काम सुरू झाले आणि पुढे तटाच्या आश्रयाने शहर वाढले. दमणपासून चौलपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा कारभार येथून चाले. १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी मुंबई हे या कारभाराखालचे एक लहानसे बेट होते. आज वसईचा मनुष्य पहाटेची गाडी पकडून चाकरीसाठी मुंबईस धावतो. एके काळी हुकूम उलट दिशेने जात, हे ऐकून मुलांना मौज वाटेल.

सहलीचा आरंभ शक्यतो बंदराकडील दरवाजापासून करावा. रस्त्याने येणारा मनुष्य भुईदरवाजाकडून शिरतो हे खरे. परंतु शहराचे तोंड पाण्याकडे होते. किल्ल्याच्या तीन बाजूंस समुद्र, खाडी व दलदल आहे. उल्हास नदीचे पाणी घेऊन येणारी वसईची खाडी येथेच समुद्रास मिळते. धक्क्यावर मुलांना थोडा वेळ नुसते उभे करावे. किल्लाबंदर व पाचूबंदर येथील कोळ्यांच्या होड्या अद्यापही समोर दिसतात. नंतर एकच प्रश्न विचारावा : "गलबतातून आलेला माल गावात कोणत्या वाटेने जाईल?" मग दरवाजा मुलांना आपोआप सापडतो. त्याच्या आत शिरताच वाट सरळ न जाता वळते. असे का, हेही त्यांनीच शोधावे. शत्रूच्या जमावास धावत येऊन दुसऱ्या फाटकावर आदळता येऊ नये, हे उत्तर चौथीतील मूलसुद्धा दोन-तीन चुका करून देते, आणि स्वतः शोधलेले उत्तर ते विसरत नाही.

आतील घरांपाशी सहसा कोणी थांबत नाही, आणि शिकण्याजोगे पुष्कळसे तेथेच आहे. भिंतींत ठरावीक उंचीवर चौकोनी भोके एका ओळीत दिसतात. ती तुळयांची. तुळयांवर फळ्यांची जमीन असे, आणि त्या जमिनीवर माणसे वावरत. आज अधांतरी लोंबणारी खिडकी ही कोणाच्या तरी माडीची खिडकी होती, एवढे उमगले की पडक्या भिंतीचे घर होते. लाकूड व कौले प्रथम नाहीशी झाली. दगडी कमानी राहिल्या. म्हणूनच अनेक चर्चांमध्ये लोकांनी बसावयाची लांब जागा उघडी पडली आहे, तर वेदीवरील दगडी घुमटाकार छत टिकून आहे.

दगडही मुलांना हात लावून पाहू द्यावा. भिंतींत भरलेला काळा खडबडीत दगड आपल्या शेताच्या बांधावरील काळ्या दगडाचाच भाऊबंद आहे. चौकटी, खांब व नक्षी यांसाठी मात्र घडीव, नितळ दगड वापरलेला आढळतो. वसईच्या दगडाची कीर्ती दूरवर होती. गोव्यातील बॉम जेझूस या विख्यात बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी तो येथून गलबतांनी नेण्यात आला. तो खाणीत फोडणारे, घडविणारे व होडीत चढविणारे हात याच मुलुखातील होते. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. वर्गात मात्र त्यांचा उल्लेख अवश्य व्हावा.

चर्चांपैकी दोन किंवा तीन पाहिली तरी पुरे. सर्व पाहण्याच्या हव्यासात मुले थकतात आणि मग सर्व कमानी त्यांस एकसारख्याच भासतात. संत जोसेफ यांचे चर्च १५४६ चे. १६०१ साली ते नव्याने वाढविण्यात आले आणि तसा लेख तेथे आहे. त्याचा उंच मनोरा दुरूनही ओळखू येतो. येशूसंघीयांच्या चर्चचे दर्शनी तोंड त्याच्या खांबांसाठी व प्रवेशद्वारावरील कोरीव कामासाठी निवांत पाहावे. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला मुलगा येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला, पुढे जपानात गेला, १५९७ साली नागासाकी येथे त्याला क्रुसावर प्राण द्यावे लागले आणि १८६२ साली त्यास संतपद मिळाले. वसईच्या मुलाने जपान गाठले ही गोष्ट भूगोलाच्या तासासही उपयोगी पडेल. फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. अक्षरे व ढालींची चिन्हे वाकून पाहावीत, पण पादत्राणांनी तुडवू नयेत. त्याखाली माणसे निजलेली आहेत.

येथवर आल्यावर एखादे मूल विचारतेच : "गुरुजी, हे सगळे पाडले कोणी?" सहलीतील सर्वांत अवघड प्रसंग हाच. वसई परिसरातील वर्गात कोळ्याचा मुलगा असतो, कुपारी ख्रिस्ती घरची मुलगी असते, सामवेदी, वाडवळ, आगरी व आदिवासी घरांतील मुले एका बाकावर बसतात. उत्तर बेसावधपणे दिले गेले, तर त्यांपैकी कोणी तरी स्वतःच्या गावात पाहुणे ठरते. शिवाय असे उत्तर बहुधा खोटेही असते. म्हणून आहे तेवढे आणि तसेच सांगावे. पोर्तुगीजांच्या अमलात या प्रांतातील देवळे पाडली गेली आणि हिंदूंच्या पूजाअर्चेवर बंदी आली, हे लपवू नये. १७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईस वेढा घातला, सेबस्तियन बुरुजाखाली सुरुंग उडविले आणि मे महिन्यात किल्ला घेतला. दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या शौर्याने लढली. शरण आलेल्या सैन्यास शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले, ही विजेत्यांस शोभणारी गोष्ट तितक्याच ठळकपणे सांगावी.

पण शहर एका दिवसात कोसळले नाही. १७८० साली इंग्रजांच्या तोफा त्यावर चालल्या. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला आणि १८१८ नंतर मुलूख इंग्रजांकडे गेला. ओस पडलेल्या शहरात पुढे शेती झाली, घडीव दगड विकला गेला. वड-पिंपळांनी सांध्यांत मुळे रोवली आणि दरसालच्या पावसाने चुना धुऊन नेला. म्हणजे "कोणी पाडले?" या प्रश्नास उत्तरे पाच-सहा आहेत. मुलांनी भिंतीपाशी उभे राहून कोणत्या खुणा कोणत्या उत्तरास जुळतात ते पाहावे : पिंपळाचे मूळ दिसते, दगड उपटून नेल्याची रिकामी जागा दिसते. तोफेच्या माऱ्याची खूण ओळखणे कठीण. तेथे शिक्षकानेही घाईने बोट दाखवू नये.

शहराच्या काही वस्तू गावोगाव गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील थोरली घंटा वसईच्या विजयाची म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्याच्या घाटावरही अशीच एक घंटा टांगलेली आहे. चर्चसाठी ओतलेली घंटा देवळात वाजते आहे, आणि चावी, बादली, पाव, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत मुरले आहेत. मुले ते रोज बोलतात आणि त्यांचे मूळ कळले की हसतात.

व्यवस्थेविषयी थोडेसे. किल्ल्याचा विस्तार सुमारे ११० एकर आहे. सर्व एका दिवसात होत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पायऱ्या व तट शेवाळतात, गवतात विहिरींची तोंडे झाकली जातात. तेव्हा जाऊ नये. पंधरा मुलांमागे एक वडील माणूस असावा, तटावर व मनोऱ्यावर कोणासही एकटे सोडू नये, पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. भिंतीवर नाव कोरण्याचा मोह मुलांना होतो. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती कोरा कागद व शिसपेन्सिल द्यावी. भुईदरवाजापाशी सहल संपताच मुलांनी चाललेल्या वाटेचा नकाशा आठवणीने काढावा. प्रमाण चुकेल, चर्चांची अदलाबदल होईल, एखादा कोळ्यांच्या होड्याच मोठ्या काढील. ते नकाशे न सुधारता शाळेत ठेवावेत आणि पुढील वर्षीच्या वर्गाने ते हाती घेऊन, धक्क्यापासून, पुन्हा चालावे.