पाव, पदेर आणि आपली पंगत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "गोव्याला जाऊन आलात, तर तिथलेच काही सांगा." गोव्याची देवळे आणि समुद्र यांविषयी सगळ्याच सांगतात. मी आज तिथल्या पावाविषयी व पावाच्या दुकानाविषयी चार शब्द सांगणार आहे.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त पणजीला असतात. त्यांच्याकडे पहिल्याच सकाळी रस्त्यावर सायकलचा भोंगा पों पों वाजला, तशी जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही चहा ठेवा, मी पोळी घेऊन येते." मला नवल वाटले. पोळी का कोणी रस्त्यावरून आणते? पण त्या घेऊन आल्या तो कोंड्याच्या पिठाचा, आतून पोकळ असा गोल पाव! गोव्यात त्यालाच पोळी म्हणतात. उंडो, कातरो पाव, कांकण असे त्याचे आणखीही प्रकार आहेत. पाव आणून देणारा तो पदेर. हा शब्द पोर्तुगीज भाषेतला, आणि आपला 'पाव' हा शब्दही तिकडचाच.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी ते मुक्त झाले. साडेचारशे वर्षांच्या त्या राज्यात पावाने घरोघर मूळ धरले. पीठ फुगवायला यीस्ट मिळेना, तेव्हा तिथल्या लोकांनी माडाची सूर घालून पीठ आंबवले आणि लाकडाच्या भट्टीत पाव भाजला. आता बहुतेक ठिकाणी यीस्टच घालतात. भट्टीची धग सोसणे आणि मध्यरात्री उठणे मुलांना नको वाटते, म्हणून कितीतरी पदेरांच्या भट्ट्या बंद पडल्या. हे ऐकून मला आपल्याकडच्या बुडत्या धंद्यांची आठवण झाली.

पणजीत फोंतेन्हास नावाचा जुना भाग आहे. रंगवलेली घरे, कौलारू छपरे, अरुंद गल्ल्या. तिथे १९३० सालापासूनचे 'कॉन्फेतारिया ३१ द जानेरो' हे बेकरीचे दुकान आहे. जाऊबाई मला मुद्दाम तिथे घेऊन गेल्या. दुकान लहानच, पण लोकांचा जीव त्यावर फार. मी शाकाहारी, कशात अंडे आहे आणि कशात नाही, ते विचारूनच मी घेतले, आणि त्याचे कोणाला वावगे वाटले नाही. गोव्यात पाव मधोमध कापून आत कटलेट किंवा चोरिस, म्हणजे मसालेदार मांस, भरून देतात. खुद्द पोर्तुगालमध्ये असाच 'बिफाना' खातात. शाकाहारी माणसाची अडचण मात्र कुठेच होत नाही; पातळभाजी आणि पाव हा तिथल्या हॉटेलांतला सकाळचा रोजचा नाश्ता आहे.

भगिनींनो, याच पावाने एके काळी माणसे तोडली. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी प्यायले म्हणून गावचे गाव बाटले आणि आपल्याच लोकांनी त्यांना परत घेतले नाही, अशा गोष्टी गोव्यात आणि वसईकडे अजून सांगतात. फार दूर कशाला? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली, त्यावरून केवढा बहिष्कार माजला! न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. आमच्या आजेसासूबाईही पाव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देत नसत. आजाऱ्याला डॉक्टरांनी सांगितला, तर तो ओसरीवर दुधात बुडवून द्यायच्या.

पण गंमत पहा. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची आणि बटाटा तर पोर्तुगीज गलबतांनीच आपल्याकडे आणले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही अमेरिकेतलाच. म्हणजे आपली एकादशीची खिचडी सारी परदेशी! तिच्याने आपला उपास मोडत नाही. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत निघालेला वडापावही तसाच. पाव त्यांचा, बटाटा त्यांनी आणलेला, मिरची त्यांनी आणलेली. बेसन तेवढे आपले, आणि तळणारा हात आपला. तोच वडापाव आज आपली मुले शाळेतून येताना खातात, आणि आपणही खातो.

आपले कारंजे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, जुन्या जैन मंदिरांचे गाव. इथे व्रतनियम पाळणाऱ्या बाया पुष्कळ आहेत आणि मला त्यांचा आदरच वाटतो. आपल्या जैन भगिनी बटाटा खात नाहीत, ते त्यांचे व्रत आहे. कोणी कांदा-लसूण खात नाही, कोणी अंड्याचा केक खात नाही. ज्याचा नियम त्याने पाळावा. पण 'हा पदार्थ मी खात नाही' म्हणणे वेगळे, आणि 'हिच्या हातचे मी खात नाही' म्हणणे वेगळे. पहिल्यात आपल्या जिभेला वळण लागते, दुसऱ्याने शेजारणीच्या काळजाला डाग पडतो. विहिरीवरच्या त्या लोकांना पावाने तोडले नाही. त्यांच्या हातचे नको म्हणणाऱ्यांनी तोडले.

दरवर्षी आपण वर्धापनदिनाचा फराळ हलवायाकडून आणतो. कोणाच्या घरचा, हा प्रश्नच नको म्हणून आणतो, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत मात्र कोणी नाही. माझी अध्यक्षाबाईंना नम्र सूचना आहे की पुढच्या वर्षी प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणावा. डब्यावर चिठ्ठी लावावी. आत काय काय घातले आहे, कांदा, लसूण, बटाटा, अंडे, ते सगळे तिच्यावर खरे खरे लिहावे. कोणाच्या घरचा डबा आहे, ते मात्र लिहू नये. मग जिला जे चालते ते तिने पोटभर खावे.

ही सूचना पुढच्या सभेत मांडावी आणि तिच्यावर मोकळेपणाने बोलणे व्हावे, अशी विनंती करते.