हुकूमनाम्यापुढची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पापड, मसाला, सोडे दुकानात पोचते करायचे आणि पैशांसाठी हेलपाटे घालायचे, हे आपल्या किनाऱ्यावर नवे नाही. ‘एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?’ असे आपण म्हणतो, आणि बुडवणाऱ्याला नेमके तेच हवे असते!

उधारीची मुदत ठरली नसेल, तर माल दिल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. दावा जिंकला की हुकूमनामा मिळतो. पण हुकूमनामा म्हणजे हाती आलेले पैसे नव्हेत. त्याच्या बजावणीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. तिला १२ वर्षांची मुदत आहे.

देणेकऱ्याचे बँकेतले पैसे म्हणजे बँकेने त्याला देणे असलेली रक्कम. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशात ४६-अ हा नियम आला. त्यानुसार कोर्ट बँकेला नोटीस काढू शकते, की ही रक्कम कोर्टात भरा, नाहीतर का भरत नाही ते सांगा. त्याला भाडेकरूकडून येणे असलेल्या थकलेल्या भाड्यालाही हाच नियम लावता येतो.

खाते कुठे आहे ते ठाऊक नसले तर? हुकूमनाम्याचे पैसे ३० दिवसांत न मिळाल्यास मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्याचा हुकूम कोर्ट त्याला करू शकते. तो मोडला तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शिवाय, त्याने पूर्वी दिलेल्या चेकची नक्कल आपण जपून ठेवली असेल, तर बँक आणि खाते आयतेच समजते.

मात्र कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही जप्त होत नाहीत. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची पॉलिसीही सुरक्षित आहे. उद्या बेलीफ आपल्याच दारी आला, तर हे आपल्यालाही उपयोगी पडेल. आणि कुणाला जामीन राहून सही करताना दहादा विचार करा. जामीनही ऋणकोइतकाच बांधलेला असतो.

वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

एवढे मात्र आजपासून करा: माल देताना बिल फाडा, तारीख घाला आणि घेणाऱ्याची सही घ्या. तोंडी भरवशावर संसार चालतो, दावा चालवणे मात्र फार जड जाते.