दान आणि अनुदान

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पन्नास वर्षे अखंडपणे सेवाकार्य चालविणे ही कोणत्याही सार्वजनिक न्यासाच्या दृष्टीने गौरवाची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी आपण मला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी कोणी पंडित नाही. धर्मचर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. माझी सारी नोकरी महापालिकेच्या लेखा विभागात, जमाखर्चाच्या वह्यांमध्ये गेली. त्यामुळे त्या वह्यांतून जे उमगले, तेवढेच आपल्यासमोर ठेवतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी एक शुश्रूषा केंद्र सुरू करण्याचा आपल्या न्यासाचा संकल्प आहे, आणि त्यासाठी महापालिकेचे अनुदान मागावे की नाही यावर दोन मते आहेत, असे विश्वस्तांनी मला सांगितले. एक पक्ष म्हणतो, सरकारी पैशाला हात लावू नये. समाजाचे काम समाजाने करावे. दुसरा पक्ष म्हणतो, कर आपण भरतो, मग हक्काचा पैसा का सोडावा? दोन्ही मते आदरणीय आहेत. परंतु निर्णय घेण्यापूर्वी महापालिकेचा पैसा कोणत्या वाटेने संस्थेपर्यंत येतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कर्तव्य कोणाचे?

आपल्या राज्यातील मुंबईचा कारभार १८८८ च्या अधिनियमाने चालतो, तर अन्य महापालिकांचा १९४९ च्या अधिनियमाने. १९४९ च्या अधिनियमात महापालिकेच्या कामांचे दोन वर्ग पाडलेले आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत. पाणी, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती, सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने, प्राथमिक शिक्षण ही त्यांतील ठळक कामे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. म्हणजे महापालिकेला योग्य वाटल्यास तिने ती करावीत. दुर्बल, आजारी, असाध्य रोगाने ग्रस्त आणि अपंग व्यक्तींची देखभाल करणाऱ्या संस्था चालविणे हे काम या दुसऱ्या वर्गात येते.

बंधू-भगिनींनो, या एका भेदात आपल्या विषयाचे सारे मर्म साठलेले आहे. रस्त्यावरचा दिवा लावणे महापालिकेवर बंधनकारक आहे; त्या दिव्याखाली निजलेल्या निराधार वृद्धाला छप्पर देणे ऐच्छिक आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, संविधानात बारावी अनुसूची घातली. नागरी संस्थांकडे सोपविता येतील अशा १८ विषयांमध्ये दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि नागरी दारिद्र्यनिर्मूलन यांचा समावेश झाला. विषय सोपविला गेला, परंतु त्यासाठी किती पैसा ठेवावा याचे उत्तर त्या अनुसूचीत नाही. ते दरवर्षी अंदाजपत्रकात शोधावे लागते.

पैशाची वाट

महापालिकेच्या तिजोरीत पूर्वी जकातीचा मोठा ओघ होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईसारख्या शहरात तोवर टिकून असलेली जकातही गेली. तिच्या जागी राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळू लागली. मालमत्ता कर, विकास शुल्क आणि शासकीय अनुदाने हे अन्य प्रमुख स्रोत होत. या जमेतून आधी वेतन, निवृत्तिवेतन, कर्जफेड आणि बंधनकारक कामे भागवली जातात. ऐच्छिक कामांची पाळी त्यानंतर येते.

आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीपुढे आणि पुढे सर्वसाधारण सभेपुढे जाते. २०२२ पासून काही वर्षे राज्यातील अनेक महापालिकांत लोकनियुक्त सभागृह नव्हते, तेव्हा हे अधिकार प्रशासकांनी वापरले. मंजुरीनंतर समाजविकास विभागाच्या लेखाशीर्षाखाली तरतूद दिसू लागते. मग जाहिरात, अर्ज, छाननी, स्थळपाहणी, करारनामा आणि हप्ते. पहिल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा हप्ता मिळत नाही. ३१ मार्चपर्यंत खर्ची न पडलेली तरतूद सामान्यतः व्यपगत होते. संस्थेचा स्वयंपाकी, परिचारिका आणि रखवालदार मात्र एप्रिलपासूनच वेतनाची वाट पाहत असतात. कागद आणि पोट यांच्यातील हे अंतर भरून काढण्याची ताकद ज्या संस्थेजवळ नाही, ती चांगल्या हेतूनेही मोडकळीस येते.

येथे एक गोष्ट नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो. “आम्ही महापालिकेचे काहीच घेत नाही,” असे अनेक न्यास अभिमानाने सांगतात. परंतु १९४९ च्या अधिनियमाचे कलम १३२ पाहावे. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय प्रयोजनासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंना सर्वसाधारण करातून सूट आहे. पाणीपट्टीसारखे अन्य कर भरावे लागतात. ज्या भागात व्यापार चालतो किंवा भाडे येते, त्या भागाला ही सूट सर्वसाधारणपणे लाभत नाही. तरीही मंदिर, स्थानक, धर्मार्थ दवाखाना यांना मिळणारी ही सूट म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत अनुदानच होय. आपण न भरलेला तो कर शहरातील इतर करदात्यांनी उचललेला असतो. म्हणून शहराच्या पैशाशी आपला संबंध नव्याने जोडायचा नाही. तो आधीपासूनच आहे. प्रश्न केवळ त्याची जाणीव ठेवण्याचा आहे.

एका रात्रीचा हिशेब

अनुदानाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, याचे उदाहरण म्हणून बेघरांच्या निवाऱ्यांकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील निर्देशांनंतर या कामाला गती आली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची निवाऱ्याची सोय असावी आणि प्रत्येकाला सुमारे ५० चौरस फूट जागा मिळावी, असा निकष ठरला. वास्तू शहराची, दैनंदिन व्यवस्था स्वयंसेवी संस्थेची, अशी विभागणी अनेक ठिकाणी झाली. ५० जणांच्या निवाऱ्यासाठी चालविण्याचा खर्च म्हणून वर्षाला ६ लाख रुपये, तेही पाच वर्षांपर्यंत, असे अर्थसाहाय्य धरलेले होते. पुढची सोय स्थानिक पातळीवर लावायची होती. या अभियानाचा कालावधी २०२४ मध्ये संपला.

आता आपण व्यापारी समाज आहोत, तेव्हा हा आकडा मांडून पाहू. ६ लाख रुपये भागिले ५० माणसे, म्हणजे माणशी वर्षाला १२,००० रुपये, महिन्याला १,०००, दिवसाला सुमारे ३३ रुपये. एवढ्यात व्यवस्थापक, पहारेकरी, साफसफाई, वीज, पाणी, चादरी आणि आजारपणात रिक्षाचे भाडे बसवायचे. हे बसत नाही, हे सांगायला लेखापालाची आवश्यकता नाही. तरीही ज्या ठिकाणी निवारे नीट चालले, तेथे उरलेला भार कोणीतरी उचलला: कोणी धान्य दिले, कोणा डॉक्टरांनी वेळ दिला, कोणी हिवाळ्यात पांघरुणे आणून दिली.

‘अनुदान’ या शब्दातील ‘अनु’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘मागून’ असा आहे. दानाच्या मागून येते ते अनुदान, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत. समाजाने आधी हात पुढे करावा आणि शहराने त्याला आधार द्यावा, हा क्रम असेल तर काम टिकते. हा क्रम उलटला आणि अनुदान आले तरच सेवा, असे झाले की हप्ता चुकताच दरवाजा बंद होतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याचे कारण कोणी सांगत नाही.

दोन धडे

पहिला धडा आपल्याच समाजातील एका महापुरुषाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. घरोघरच्या मुठीमुठीच्या धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर हे कार्य उभे राहिले; सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने त्यापायी दिले. १९४८ च्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारशी मतभेद झाल्यावर संस्थेचे अनुदान रोखले गेले. संस्था बंद पडली नाही, कारण तिचा पाया लोकांच्या दानात होता. पुढे अनुदानही पूर्ववत झाले. कर्मवीरांनी अनुदान नाकारले नव्हते. मात्र संस्थेचा जीव त्यात गुंतवून ठेवला नव्हता.

दुसरा धडा नागरिक म्हणून मागणी करण्याचा आहे, आणि तो दूरच्या एका शहराने दिला आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मुलांसाठीच्या सेवांची तरतूद अंदाजपत्रकातील शिल्लक रकमेवर अवलंबून असे. १९९१ साली नागरिकांनी मतदानाने शहराच्या सनदेतच दुरुस्ती केली आणि मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा मुलांच्या सेवांसाठी राखून ठेवला. आधीचा खर्च कमी करून त्या जागी हा निधी दाखविता येणार नाही, अशीही अट घातली. २००० आणि २०१४ मध्ये मतदारांनी या तरतुदीला पुन्हा मान्यता दिली. जे ऐच्छिक होते, ते नागरिकांनी बंधनकारक करून घेतले.

हे आपल्याकडे होणार नाही, असे समजू नये. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांच्या कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा, असे महाराष्ट्र शासनाचे आदेश आहेत. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचविण्याची पद्धत सुरू केली. ती मुख्यतः पदपथ, दिवे अशा लहान स्थापत्य कामांसाठी राहिली. त्याहीपूर्वी, एकोणिसाव्या शतकात, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसा उधळण्यास विरोध करून तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असा आग्रह धरला होता. शहराचा पैसा कशासाठी, हा प्रश्न सभागृहात विचारण्याची परंपरा आपल्या भूमीतलीच आहे.

न्यासाने काय करावे?

आपण मला मत विचारलेत, म्हणून सांगतो. शुश्रूषा केंद्रासाठी अनुदान अवश्य मागावे. परंतु काही मर्यादा आधीच ठरावाने लिहून ठेवाव्यात.

अनुदानाचा एक रुपयाही न मिळता किमान सहा महिने केंद्र चालेल, एवढा राखीव निधी प्रथम समाजाने उभा करावा. अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र खतावणी ठेवावी. मंदिराचा आणि केंद्राचा पैसा एकमेकांत मिसळू नये. विनियोग प्रमाणपत्र मुदतीच्या आत द्यावे. धर्मादाय कार्यालयाकडील हिशेबपत्रके वेळेवर दाखल झालेली असावीत, कारण छाननीत बहुतेक अर्ज तेथेच अडतात. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी बिगरसरकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. कोणी हिशेब मागितला तर तो अपमान मानू नये. आपण चोपडापूजन करणारे लोक आहोत. स्वच्छ वही दाखविण्यात संकोच कसला?

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. शहराचा पैसा घेतला की केंद्राच्या दारात जात, पंथ, धर्म विचारता येणार नाही. खाट रिकामी असेल तर ती ज्याला गरज आहे त्याची. काही ज्येष्ठांना याचीच चिंता वाटते, हे मी जाणतो. स्वयंपाकघरातील आपला आहारनियम पाळावा, त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु प्रवेशाच्या वहीत धर्माचा रकाना नसावा. ही अट मान्य नसेल, तर अनुदान मागू नये, हेच प्रामाणिकपणाचे होईल.

शेवटी, अर्ज करून थांबू नये. फेब्रुवारीच्या आसपास अंदाजपत्रक मांडले जाते, त्याच्या पुष्कळ आधी, दिवाळीच्या सुमारासच, विश्वस्तांनी शहरातील अन्य सेवासंस्थांना बरोबर घेऊन आयुक्तांना आणि नगरसेवकांना भेटावे. आपल्या केंद्रापुरते न बोलता, शहरातील सर्व वृद्धांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आणि निश्चित हिस्सा मागावा. आपल्या केंद्राला त्यातून काही मिळो वा न मिळो, ही मागणी करणे हेही सेवाकार्यच आहे.