दिवस गेल्याचीं पहिलीं लक्षणें

'हिचें तोंड उतरलेलें दिसतें, दिवस गेले असावेत,' असें घरांतील वडील स्त्रिया सहज बोलून जातात. पुष्कळदां तें खरेंहि ठरतें; ठरत नाहीं तेव्हांचा मनस्ताप मात्र बिचाऱ्या सुनेला. तेव्हां या अनुमानाला आधार कितपत, हें आपण पाहूं.

पाळी चुकणें हें पहिलें चिन्ह. परंतु जिची पाळी नियमित, तिच्याच बाबतींत तें भरंवशाचें. थायरॉइड ग्रंथीचा विकार, झपाट्यानें उतरलेलें वजन, मनावरील ताण यांमुळेंहि पाळी लांबते. उलट अंगावर पाजणाऱ्या मातेला पाळी सुरू होण्यापूर्वींच पुन्हां दिवस जाऊं शकतात. तिला हें चिन्ह दिसणार तरी कसें? स्तन जड व हुळहुळे होणें, वारंवार लघवीस जावें लागणें, विलक्षण थकवा हीं पुढचीं लक्षणें. यांतील कांहीं पाळी येण्याआधींहि जाणवतात. फोडणीच्या वासानें होणारी मळमळ बहुधा थोडी उशिरां येते, आणि 'सकाळची' म्हटली तरी ती दिवसभर छळते.

1927-28 च्या सुमारास बर्लिनमध्यें आशहाइम व त्सोंडेक यांनीं स्त्रीची लघवी उंदरांच्या लहान माद्यांना टोचून गर्भधारणा ओळखण्याची रीत काढली. उत्तरास चार-पांच दिवस लागत. आज लघवींतील तेंच संप्रेरक औषधाच्या दुकानांत मिळणारी पट्टी कांहीं मिनिटांत ओळखते. पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीनें पाहावें. एकच रेघ उमटली व पाळीहि आली नाहीं, तर आठवड्यानें पुन्हां पाहावें. सासूबाईंना बातमी तोंवर थांबली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नव्हे. गर्भ कधीं गर्भाशयांत न रुजतां बीजवाहिनींत रुजतो. पट्टीवर दोन रेघा तेव्हांहि बहुधा उमटतात, आणि थोडा रक्तस्राव झाला तर 'आली एकदांची पाळी' म्हणून स्त्री निश्चिंत होते. ओटीपोटांत, विशेषतः एका बाजूस, कळ, घेरी, क्वचित् खांद्याच्या टोकाशीं दुखणें असें कांहीं झाल्यास ओव्याचा काढा देत बसूं नये. नलिका फुटली तर रक्त पोटांतल्या पोटांत सांचतें, बाहेर फारसें दिसतहि नाहीं. रात्र असली तरी तडक रुग्णालय गांठावें, आणि डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां पाळीची तारीख आपणच सांगावी.