हौशी वैमानिकाची लेखी परीक्षा

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी विमान चालविता आले पाहिजे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याकरिता शिसपेन्सिल, कोनमापक आणि नकाशा पुढे घेऊन बाकावर बसावे लागते आणि लेखी परीक्षेत शेकडा 70 गुण मिळवावे लागतात, हे हिशेबखात्यात केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या कारकुनास उतारवयात कळले, तेव्हा प्रथम थोडा दिलासाच वाटला. कागदाशी आपली ओळख जुनी, असे मी मानीत होतो.

नियमांच्या विषयाने हा समज काही दिवस टिकविला. 2024 अखेरपर्यंत लागू असलेला 1934 चा विमान कायदा आणि त्याखालची 1937 ची नियमावली यांची भाषा कचेरीतील परिपत्रकांहून फारशी निराळी नाही. न्याय मात्र अधिक सुसंस्कृत आहे. इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यावी आणि फुग्याला तर सर्वांनीच द्यावी, असा तेथील दंडक. आपल्या रस्त्यांवर नेमके उलट चालते. समोरासमोर आलेल्या दोन विमानांनी आपापल्या उजवीकडे वळावयाचे असते, आणि जन्मभर डाव्या बाजूने चाललेल्या माणसाकडून येथे चुकीचे उत्तर हटकून लिहिले जाते.

खरी दमछाक झाली ती दिशांनी. एक उत्तर भूगोलाची, दुसरी चुंबकाची, आणि तिसरी खुद्द विमानातील लोखंडाने व विजेच्या तारांनी बहकविलेल्या होकायंत्राची. या तिहींतील वजावट-मिळवणी केल्यावाचून नकाशावरील रेघ उपयोगी पडत नाही. मुंबईत पहिल्या दोहोंतील फरक एका अंशाहूनही कमी असल्यामुळे येथील विद्यार्थी गाफील राहतो, आणि परीक्षक नेमके दूरदेशीचे आकडे देतो. एका अंशाची चूक साठ मैलांवर विमानास सुमारे एक मैल बाजूला नेते, हे गणित मात्र मला फार आवडले. आमच्या खात्यातील चुकाही वर्षअखेरीस अशाच वाढलेल्या आढळतात.

तथापि ज्या यंत्राने माझी झोप उडविली, ते उंची दाखविणारे अल्टिमीटर. ते उंची मोजीतच नाही. ते हवेचा दाब मोजते, आणि एका हेक्टोपास्कलमागे (जुनी मंडळी अजून मिलिबारच म्हणतात) सुमारे 28 फूट धरून उंचीचा आकडा सांगते. मुंबईचा दाब ऐन पावसाळ्यात जानेवारीपेक्षा साधारण दहा हेक्टोपास्कलने उतरलेला असतो. म्हणून हिवाळ्यात लावलेला काटा न बदलता कोणी जुलैत जुहूच्या धावपट्टीवर जाऊन बसला, तर चाके पाण्यात भिजत असताना ते यंत्र आपण पावणेतीनशे फूट उंचावर असल्याची ग्वाही देईल. ही चूक ढगाखालून उतरताना झाली तर काय होईल, हे सांगावयास नको.

इंजिनाच्या पुस्तकातही असेच आश्चर्य होते. कार्बुरेटरमध्ये बर्फ धरण्यास हिमालय लागत नाही. पेट्रोलची वाफ होताना आतील तपमान वीस-तीस अंशांनीही खाली येते, त्यामुळे कोकणच्या दमट, उबदार हवेत, विशेषतः इंजिन मंद करून उतरताना, तो धरू शकतो.

विमानातून रेडिओवर बोलावयास निराळा परवाना लागतो, हेही याच अभ्यासात कळले.

पहिल्या खेपेस मी नापास झालो. नियम तोंडपाठ होते, त्रिकोण सुटले होते. पण हवामान हा काय अभ्यासाचा विषय, जन्म पावसात गेला, अशा घमेंडीने ते प्रकरण मी अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवले होते. दुसऱ्या खेपेस त्याच प्रकरणापासून आरंभ केला आणि उत्तीर्ण झालो. आपल्यापैकी कोणी या परीक्षेस बसणार असेल, तर त्याने हवामान शेवटी ठेवू नये, एवढी माझी विनंती आहे.