सासूबाईंची पिशवी

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना रात्री एका दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. त्यांना पेनिसिलिन चालत नाही. पहिल्या दवाखान्याच्या संगणकात तशी नोंद होती, पण ती दुसरीकडच्या संगणकावर दिसेना. डॉक्टर विचारतायत, सासूबाई ग्लानीत, आणि मी पिशवीतले कागद उपसतेय! शेवटी हळदीचा डाग पडलेली जुनी चिठ्ठी सापडली.

गंमत म्हणजे, देशभरच्या दवाखान्यांतल्या नोंदी एका पद्धतीच्या व्हाव्यात म्हणून काम करणारं केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. केंद्र सरकारनं नियम २०१३ साली आणले, २०१६ साली सुधारले. पाळतात किती जण, ते आपण बघतोच.

आता १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. सक्ती नाही. पण नुसता क्रमांक काढून कागद आपोआप येत नाहीत हं! दवाखाना त्या व्यवस्थेत जोडलेला हवा. केसपेपर काढतानाच ‘नोंद आभाला जोडा’ म्हणून सांगा. दुसऱ्या डॉक्टरांना ती दिसायला आपली संमती लागते. काय दाखवायचं, किती दिवस, ते आपणच ठरवायचं.

सासूबाईंचा आभा मी काढलाय. पिशवी मात्र अजून दारामागच्या खुंटीलाच आहे, ॲलर्जीची चिठ्ठी सगळ्यात वर.