मेणबत्ती लावा, पण खिडकी उघडून



आजचा विषय साधा आहे, घरातली मेणबत्ती. पूर्वी ती वीज गेली की निघायची. आता दिवाळी-नाताळला सुगंधी मेणबत्त्या भेट येतात आणि दिल्ली-इंदूरच्या थंडीत दारं-खिडक्या लावून तासन्‌तास जळतात.

मेणबत्तीचा पिवळा उजेड कशाचा? ज्योतीत तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा. ज्योत शांत असेल तर बहुतेक कण तिच्या कडेला पोहोचेपर्यंत जळून जातात. पंख्याच्या वाऱ्याने ती फडफडली किंवा वात लांब राहिली, की ते न जळताच निसटतात. त्यातले काही भिंतीवर बसतात, काही आपल्या फुप्फुसात. शिवाय शांत ज्योतीतूनही अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतातच. मेण पेट्रोलियमचं असो की मधमाशांचं, यातून सुटका नाही.

धडधाकट माणसाने एका मेणबत्तीला घाबरू नये. पण घरात दमेकरी असेल, तान्हं बाळ असेल, फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे आजी-आजोबा असतील, तर बंद खोलीतला हा धूर त्यांना त्रास देऊ शकतो.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. एका मेणबत्तीतून कार्बन मोनॉक्साइड फार थोडा निघतो. कोळशाच्या शेगडीचं तसं नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. म्हणून फौजेत उंचावरच्या चौक्यांवर झोपण्यापूर्वी बुखारी विझवणं आणि हवेची वाट मोकळी ठेवणं, यात सवलत नसे. तुमच्या घरीही बंद खोलीत शेगडी पेटवून कोणी झोपू नये.

मेणबत्तीसाठी नियम चारच. वात पाव इंच ठेवा. पंख्याखाली लावू नका. फुंकर मारू नका, कारण विझतानाच धूर जास्त होतो. झाकण ठेवून विझवा. आणि बाहेरची हवा बरी असेल तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवा. ज्या दिवशी बाहेरच धुरकं असेल, त्या दिवशी मेणबत्ती लावूच नका. उजेडाला बल्ब आहे.

जय हिंद.